मागच्या बंपरची कड आणि डिकीचा तळ

पाच-सहा वर्षं घरात वापरलेली कुठलीही हॅचबॅक घ्या. डिकी उघडा आणि मागच्या बंपरच्या वरच्या कडेवर उजेड तिरका पडेल असं उभं राहा. जिथे दरवाज्याचं कुलूप अडकतं, त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्ट्यात रंगाची चकाकी गेलेली दिसते. तिथले चरे आतून बाहेर येणारे आणि एकमेकांना जवळजवळ समांतर असतात. बॅग कडेवर टेकवून आत ढकलली, उतरवताना ओढली, की एक चरा पडतो. त्यातल्या एखाद्यात रंग पूर्ण संपून खालचं काळं प्लास्टिक डोकावतं. छत, बॉनेट आणि दरवाजे मात्र नीट धुतल्यावर अजून नव्यासारखे दिसतात.

झीज ही अशी ठरलेल्या जागी होते. मागच्या बंपरची वरची कड, चार कोपरे, पुढच्या बंपरची खालची बाजू, डिकीच्या तळाचं कार्पेट आणि डिकीच्या दोन्ही अंगांचं प्लास्टिक, मुख्यतः याच त्या जागा. कोपऱ्यांमध्येही पुढचा डावा कोपरा बहुधा आधी खरचटतो, कारण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि तो कोपरा त्याच्यापासून सगळ्यात लांब, बॉनेटच्या आड असतो. मग पूर्ण गाडीला काहीतरी चोपडण्यात किंवा गाडीभोवती लोखंड बसवण्यात पैसे घालण्यापेक्षा, या मोजक्या जागी गाडीपेक्षा मऊ, स्वस्त आणि सहज बदलता येईल असं काहीतरी मध्ये आणावं. घासायचं ते त्यावर घासू दे. झिजलं की काढून टाकावं. हे नीट समजायचं तर बंपर कशाचा असतो, हे आधी बघायला हवं.

आपण ज्याला बंपर म्हणतो ते खरं तर बंपरचं कव्हर. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये थोडं रबर आणि शंखजिऱ्याची पूड मिसळून ते साच्यात ओतलेलं असतं. गॅरेजमध्ये बंपर काढून उलटा ठेवलेला दिसला तर आतल्या बाजूला उठावाची अक्षरं शोधा. पीपी, मग अधिकचं चिन्ह, मग ईपीडीएम, आणि शेवटी टी हे अक्षर आणि एक आकडा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम हे रबर, टी म्हणजे शंखजिरं आणि पुढचा आकडा त्याची टक्केवारी. या कव्हरमागे फोमचा ठोकळा किंवा प्लास्टिकची जाळी असते आणि त्यामागे पोलादाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची आडवी तुळई. खरा धक्का ती तुळई घेते. पुढचं प्लास्टिक हळू वेगातल्या धक्क्याला आत दबतं, बरेचदा पुन्हा आपल्या आकारात येतं, आणि समोर माणूस आला तर त्याच्या पायाला लोखंडाऐवजी मऊ काहीतरी लागतं.

अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या काळात बंपर म्हणजे क्रोम चढवलेली पोलादी पट्टी होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ पर्यंत ती पट्टी मिरवत होत्या. भिंतीला लागलं तर भिंतीचाच टवका जायचा, हे खरंच. पण ती पट्टी धक्का गिळत नसे, तो जसाच्या तसा मागच्या सांगाड्याला आणि आत बसलेल्यांना पोचवत असे. १९७२ मध्ये रेनो कंपनीने फ्रान्समध्ये रेनो ५ ही छोटी गाडी प्लास्टिकच्या बंपरसह आणली. पुढच्या वर्षीच्या मॉडेलांपासून अमेरिकेत नियम लागू झाला, की ताशी ५ मैलांच्या धडकेत पुढचे दिवे आणि इतर सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. तेव्हापासून बंपरचं काम सोसण्याचं आहे, ही समज पक्की होत गेली.

या प्लास्टिकवरचा रंगही पत्र्यावरच्या रंगापेक्षा वेगळ्या वाटेने आलेला असतो. कारखान्यात पत्र्याच्या सांगाड्यावरचा वरचा रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजतात. प्लास्टिक ते सोसत नाही, म्हणून बंपर वेगळा रंगवून सुमारे ८० अंशांवर वाळवतात. एकाच गाडीच्या दरवाज्याची आणि बंपरची छटा उन्हात किंचित वेगळी दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे. थर तीन: प्लास्टिकला धरून ठेवणारा प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे जवळपास दोन केसांच्या जाडीत सगळं आलं, आणि त्यातला क्लिअर कोट अर्ध्या केसाएवढा.

त्यामुळे ओरखडा दिसला की घाबरण्याआधी तो कुठल्या थरापर्यंत पोचलाय हे तपासावं. जागा धुवा, पुसा आणि ओरखड्यावर थोडं पाणी लावा. पाणी असेपर्यंत ओरखडा दिसेनासा होत असेल तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. मग अंगठ्याचं नख त्यावरून आडवं फिरवा. नख न अडकता घसरलं तर पॉलिशने काम होईल. नख अडकलं तर ओरखडा रंगात उतरलाय आणि पॉलिशने कडा गुळगुळीत होतील इतकंच. तळाशी काळं दिसत असेल तर तिथे टच-अपचा रंग भरणं किंवा तो भाग पुन्हा रंगवणं, हेच दोन उपाय उरतात. कधी कधी जो ओरखडा वाटतो तो दुसऱ्याच गाडीचा किंवा खांबाचा आपल्या बंपरवर चिकटलेला रंग असतो. तो रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने निघून जातो. त्यावर थिनर ओतायचा मोह टाळा. थिनर रंग विरघळवतो आणि तो आपला की परका, हे त्याला कळत नाही.

टूथपेस्ट घासली की ओरखडा जातो असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, ती आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून ओरखड्याच्या पातळीला आणते. पॉलिशिंगही हेच करतं, फक्त मोजूनमापून. दर वेळी थोडे मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. म्हणून दर सर्व्हिसिंगला गाडी बफ करून देतो असं कोणी सांगितलं तर नको म्हणावं.

बंपरच्या ओरखड्याबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट म्हणजे प्लास्टिक गंजत नाही. बंपरवरचा काळा चरा वर्षभर तसाच राहिला तरी तो फक्त डोळ्यांना खुपतो. पण तसाच चरा डिकीच्या दाराच्या खालच्या कडेला, पत्र्यावर पडला तर तो लगेच बुजवायला हवा. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात तांबडा होतो आणि गंज रंगाच्या खालून पसरत जातो. लोक नेमकं उलटं करतात. बंपर ठळक दिसतो म्हणून तो धावत जाऊन रंगवून घेतात आणि दाराच्या कडेचा टवका विसरून जातात.

बंपर रंगवायचाच असेल तर पेंटरला एक प्रश्न विचारा, की प्लास्टिकचा प्रायमर मारणार का? पॉलिप्रॉपिलीनला सहसा काहीच नीट चिकटत नाही, रंगही नाही. पत्र्याचाच प्रायमर मारून वर रंग दिला तर पहिल्या दिवशी काम सुरेख दिसतं आणि काही महिन्यांनी धुताना पाण्याच्या जोराबरोबर रंगाचे पापुद्रे निघू लागतात. खड्डे बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टीही प्लास्टिकसाठीची, लवचीक हवी. पत्र्याची कडक लांबी बंपर जरा दबला की तडकते.

विम्याचा हिशेबही इथेच करून टाकू. आपल्याकडच्या सर्वसाधारण मोटार विम्यात प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे बंपर बदलला तर त्याच्या किमतीतली निम्मी रक्कम तुमच्या खिशातून जाते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये दर दाव्याला आपणच भरायचे असतात. ‘झिरो डेप’ घेतला असेल तर घसारा वाचतो, पण दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. नुसत्या ओरखड्यासाठी दावा करणं मला तरी बहुतेक वेळा तोट्याचंच वाटतं.

आता लोखंडी गार्डकडे येऊ. पुढे जाड नळ्यांचा गार्ड, मागे स्टीलचा पाइप. गावाकडे आणि शहरातही अनेकांना हे बसवल्याशिवाय नवी गाडी पूर्ण झाली असं वाटत नाही. कळकळीने सांगतो, बसवू नका. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारे सेन्सर, गाडीचं तोंड कसं आणि किती वेळात चुरगळतं याच्या मोजमापावर बसवलेले असतात. सांगाड्याला बोल्टने आवळलेला गार्ड हे सगळं गणित बिघडवतो. धक्का वेगळ्या वाटेने आत जातो, चुरगळायचा भाग हवा तसा चुरगळत नाही आणि एअरबॅग उशिरा उघडण्याचा किंवा न उघडण्याचा धोका उभा राहतो. पादचाऱ्याला किंवा दुचाकीवाल्याला तो लोखंडासारखाच लागतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून असे गार्ड काढायला लावा, असं कळवलं. असा गार्ड बसवणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा भंग आहे. चार-पाच हजारांचा ओरखडा वाचवण्यासाठी एअरबॅगच्या कामात आडवं येणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. मागच्या पाइपचीही हीच गत. हळू धक्क्यात तो बंपर वाचवेल, पण जरा जोराचा धक्का बसला की ज्या बिंदूंवर तो बांधलाय तिथला पत्राच वाकवतो आणि स्वस्तातल्या पाइपपायी चासी दुरुस्तीला जाते.

मग मऊ काय लावायचं? सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, जिला दुकानात पीपीएफ म्हणतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पंख्यांची पाती वाळूने झिजत, ती वाचवण्यासाठी अशा फिल्मचा वापर सुरू झाला, असं तिचं मूळ सांगतात. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जास्त. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप भरून येतात. खोल चरा भरून येत नाही, पण तो फिल्मवर राहतो, रंगावर उतरत नाही. पूर्ण गाडीला फिल्म लावायचा खर्च लाखाच्या घरात जातो आणि तो सगळ्यांनी करावा असं मी म्हणणार नाही. पण मागच्या बंपरच्या कडेपुरती हातभर पट्टी, चार कोपऱ्यांचे तुकडे आणि दरवाज्यांच्या मुठींमागचे वाटोळे तुकडे, एवढंच घेतलं तर खर्च अगदी थोडा येतो आणि जी जागा खरोखर झिजते तीच झाकली जाते.

फिल्मऐवजी सिरॅमिक कोटिंगने काम होईल, अशी अनेकांची समजूत असते. कोटिंग हे जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचं काचेसारखं आवरण. पाणी त्यावर ठरत नाही, धूळ कमी चिकटते, पक्ष्यांची विष्ठा लवकर निघते, चकाकी टिकते. हे सगळे गुण खरे आहेत. पण बॅगेच्या चाकापुढे दोन मायक्रॉनचं काय चालणार? जाहिरातीतला ‘नऊ-एच’ हा आकडा पेन्सिलींच्या मोजपट्टीवरचा असतो. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली आवरणावर दाबून ओढतात आणि नऊ-एचच्या पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याच्या खालोखाल कठीण, असं त्यावरून समजू नये.

बाजारात रबराच्या आणि प्लास्टिकच्या चिकटपट्ट्याही मिळतात. कोपऱ्यांसाठी त्या चांगल्या, पण त्यांचं सगळं यश चिकटवण्यात आहे. सिग्नलला गाडी थांबलेली असताना विकत घेऊन तिथेच दाबून लावलेली पट्टी पहिल्या पावसात लोंबायला लागते, हे आपण रोज बघतो. अ‍ॅक्रिलिक फोमची चांगली दुहेरी टेप असलेली पट्टी घ्या. बंपर शांपूने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसा. मेण आणि पॉलिश याने निघतं. पट्टी आधी कागदी चिकटपट्टीने धरून बघा आणि कड कुठे येते ती खूण करा. टेपचा कागद एकदम न काढता वीतभर काढा, तेवढी पट्टी अंगठ्याने जोर देऊन दाबा, मग पुढचा कागद. या गोंदाला पकड येते ती दाबाने आणि वेळाने. पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात, तेवढे दिवस त्यावर पाण्याचा फवारा मारू नका. न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकवर लावायची असेल तर प्रायमरशिवाय ती टिकत नाही, कारण तेच जे रंगाबाबत सांगितलं.

वर्ष-दोन वर्षांनी पट्टी कडेने उचलली गेली की ती काढून टाका. खाली धूळ आणि पाणी अडकतं आणि प्रत्येक धक्क्याला तीच धूळ रंगावर घासते. काढताना पट्टी हेअर ड्रायरने कोमट करा, मागून नायलॉनचा मजबूत दोरा घालून करवतीसारखा पुढेमागे ओढा, आणि उरलेला गोंद बोटाने वळी करून काढा. स्टीलची चमकदार पट्टीही कडेवर बसवतात. ती मजबूत असते यात शंका नाही. पण तिच्याखालीही धूळ साचते आणि कड उचलली गेली तर ती हात कापते. रबर किंवा फिल्म बरी.

कुठलीही पट्टी किंवा फिल्म लावताना मागच्या बंपरवरच्या त्या छोट्या गोल टिकल्या मोकळ्या राहू द्या. १ जुलै २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना मागे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. ते कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडून त्याचा परावर्तित आवाज ऐकतात. त्यावर काही चिकटलं, किंवा समोर पाइप आला, की ते सतत ओरडतात किंवा गप्प बसतात. अलीकडच्या ज्या गाड्या बाजूने येणाऱ्या वाहनाची सूचना देतात, त्यांच्या मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत आतून रडार असतं. तिथे धातूची पट्टी नको आणि जाड लांबीही नको.

संरक्षण गाडीलाच लावलं पाहिजे असंही नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये गाडी रोज त्याच दोन खांबांमधून आत-बाहेर जाते. मग फोमची पट्टी खांबालाच बसवावी. खांबाजवळ गाडी उभी करून, बंपर सगळ्यात जास्त बाहेर येतो ती उंची खडूने आखा आणि तिथे पट्टी लावा. मागच्या भिंतीशी जमिनीवर चाक अडवणारा रबरी ठोकळा बसवला की भिंतीला बंपर लागण्याचा प्रश्नच मिटतो. जुना टायर खांबाला बांधलेला अनेक ठिकाणी दिसतो, तोही चालतो. त्याचे काळे डाग बंपरवर पडतात, पण ते पुसून जातात.

आणि एक सवय सोडायला हवी. रोज सकाळी कोरड्या किंवा नुसत्या ओलसर फडक्याने गाडी पुसणं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या फेल्डस्पारची कठीणता मोहसच्या मोजपट्टीवर सहाच्या आसपास असते, वाळूतल्या क्वार्ट्झची सात. रस्त्यावरच्या धुळीत हेच कण असतात, आणि क्लिअर कोट म्हणजे शेवटी प्लास्टिकचाच थर. त्या धुळीवरून फडकं फिरवलं की उन्हात दिसणारी कोळिष्टकासारखी गोल जाळी तयार होते. एका बादलीत वीस गाड्या पुसणाऱ्या माणसाचा यात काय दोष? त्याला आपण पाणी किती देतो आणि फडकी किती देतो, यावर ते अवलंबून आहे. आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग शांपूचा हात, मग मायक्रोफायबरने टिपून घ्यावं. रोज पुसण्यापेक्षा रंगाला हे कितीतरी मानवतं. वाऱ्यावर फडफडणारं कव्हर धुळीच्या गाडीवर घालणं हेही त्याच जातीचं.

आता डिकीत शिरू. मेच्या शेवटी कोकणातून घाटावर परतणाऱ्या कुठल्याही गाडीची डिकी बघा. हापूसच्या एक-दोन लाकडी पेट्या, फणस, नारळांचं पोतं, आगळाच्या बाटल्या, सुक्या मासळीचं गाठोडं, आणि वर कपड्यांच्या बॅगा. पाच डझनांची पेटी पंधरा-वीस किलोंची असते. फळ्या जोडलेल्या खिळ्यांची टोकं कुठेतरी बाहेर आलेली असतात. ती पेटी दोन माणसं उचलतात, एक कड बंपरवर टेकते, आणि मग ती ढकलली जाते. चरा तिथेच पडतो. उपाय साधा आहे. डिकीत एक जुनी गोधडी घडी करून ठेवा, चढवताना-उतरवताना ती अर्धी आत, अर्धी बंपरवरून खाली अशी पसरा. काम झालं की बाहेर झटकून परत आत. गोणपाट मात्र नको, त्याच्या काथ्यात माती अडकते आणि तेच सँडपेपरचं काम करतं. याच कामासाठी तयार रबरी पदरही मिळतात. ते डिकीच्या मॅटखाली अडकवून ठेवायचे आणि लागेल तेव्हा बाहेर टाकायचे. पाळलेला कुत्रा डिकीत उडी मारत असेल तर त्याच्या नखांसाठी हा पदर घ्यावाच.

डिकीच्या तळाचं मूळ कार्पेट म्हणजे कृत्रिम धाग्यांना सुयांनी टोचून केलेलं नमद्यासारखं कापड. पेटीतल्या पेंढ्याची काडी त्यात शिरली की व्हॅक्यूमनेही निघत नाही. जांभ्याची तांबडी माती, मासळीचं पाणी, आगळ, सगळं ते पिऊन टाकतं आणि खालच्या पुठ्ठ्याला देतं. म्हणून त्यावर गाडीच्या मापाचा, चारही बाजूंनी दोन-तीन बोटं उंच काठ असलेला ट्रे हवा. सांडलेलं त्याच्या काठाआड अडतं आणि ट्रे उचलून बाहेर धुता येतो. घेताना हातात घेऊन वास घ्या. स्वस्त पीव्हीसीला उग्र वास येतो, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात बंद गाडी आतून साठ अंशांपर्यंत तापते तेव्हा तो पूर्ण गाडीत भरतो. असं पीव्हीसी दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन कोपऱ्यात चिरतंही. टीपीई म्हणजे रबरासारखं वागणारं प्लास्टिक, ते जड आणि महाग, पण वास नाही आणि पृष्ठभागाला पकड असते. ईव्हीए हलकं, घडी घालता येणारं. रेक्झिनवर शिवण घातलेले जाड मॅट दिसायला देखणे असतात, पण डिकीसाठी मला ते पसंत नाहीत. पाणी शिवणीच्या भोकांतून आतल्या फोममध्ये जातं आणि तिथेच कुजतं.

फणसाचा देठ कापल्यावर चीक पूर्ण ओघळू द्या आणि देठ वर करून वर्तमानपत्रात गुंडाळूनच तो डिकीत ठेवा. तरी चीक लागलाच तर पाणी मारू नका. आपल्या घरात हाताला लावतात तेच खोबरेल तेल फडक्यावर घेऊन प्लास्टिकवर चोळा, चीक सुटला की साबणाच्या पाण्याने तेल काढा. कार्पेटवर मात्र तेलाचाच डाग पडतो, ट्रे हवा तो यासाठीही.

डिकीच्या दोन्ही अंगांचं खरबरीत प्लास्टिक सामान सरकल्याने पांढरे ओरखडे घेतं. घाटाच्या प्रत्येक वळणावर पेटी डावीकडे जाते, उजवीकडे येते. तिला जागेवर धरणं हाच खरा उपाय. जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकवून तळाशी ठेवावं, आणि जाळी किंवा पट्टा डिकीतल्या कड्यांना ओढून बांधावा. स्टेपनीवरचा पुठ्ठा मध्यभागी पोकळ असतो, गव्हाचं पोतं नेमकं तिथे आलं तर तो कायमचा खचतो. बांधण्याचं खरं कारण मात्र ओरखड्याहून फार मोठं आहे. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. म्हणजे वीस किलोंची पेटी ४०० किलोंच्या जोराने मागच्या सीटवर आदळते, आणि त्या सीटवर बहुधा मुलं बसलेली असतात. डिकीतल्या सामानाची रास सीटच्या पाठीपेक्षा उंच जाऊ देऊ नये, हा नियम घरातल्या सगळ्यांना माहीत असावा.

सीएनजीच्या गाड्यांना वेगळी काळजी हवी. डिकीत आडवा बसवलेला सिलिंडर, त्याचे लोखंडी पट्टे, एका टोकाला व्हॉल्व आणि तिथून निघालेली नळी, आणि उरलेल्या फटीत आपण बॅगा कोंबतो. बॅगेच्या चाकांचे, पेटीच्या खिळ्यांचे घाव सिलिंडरवर बसतात. सिलिंडरची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते. त्या वेळी गंज, पोचे आणि खोल चरे बघितले जातात, त्यावरून सिलिंडर बादही होऊ शकतो. म्हणून सिलिंडर आणि सामान यांच्यामध्ये जाड कापडी कव्हर किंवा फळीचा आडोसा हवा. व्हॉल्वच्या बाजूला सामान नको, तो बंद करायची वेळ आली तर हात पोचला पाहिजे. हवा बाहेर जाण्याची वाटही कोंडू नका. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्याऐवजी ३० लिटरचे दोन सिलिंडर तळाखाली बसवले, तेव्हा डिकीची जागा मोकळी झाली आणि हा घासाघाशीचा प्रश्नही बऱ्याच अंशी सुटला.

पावसाळा सुरू होण्याआधी आणि संपल्यावर एक काम नेमाने करावं. ट्रे, कार्पेट आणि पुठ्ठा उचलून स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खोलगट पत्र्यात हात फिरवून बघा. ओल्या छत्र्या, मागच्या दिव्याभोवतीचं किंवा दाराचं झिजलेलं रबर, धुताना मारलेला फवारा, कुठूनही आलेलं पाणी शेवटी तिथेच उतरतं आणि वरून काही कळत नाही. ओल असेल तर आधी ती कुठून आली ते शोधा. दाराच्या रबराला माती लागली असेल तर पुसा, चिरलं असेल तर बदला. तळाला रबरी बूच असतं, ते काढून पाणी जाऊ द्या, पत्रा दिवसभर उन्हात वाळवा, तांबडा ठिपका दिसला तर बारीक सँडपेपरने घासून गंजरोधक प्रायमर आणि रंगाचा हात द्या. मग बूच घट्ट बसवा, नाहीतर पुढच्या पावसात पाणी खालून आत येईल. स्टेपनी बाहेर आहे तोवर तिची हवाही तपासून घ्या.